मामांची साखळी

संपादकांनी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पाठवलं ते फौंड्र्यांवर लिहायला. भट्टी, ठिणग्या, वितळलेलं लोखंड असं फोटोला साजेसं सगळंच तिथे होतं. माझं लक्ष मात्र भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेल्या साखळ्यांकडे आणि त्यांच्यापाशी उकिडवं बसलेल्या खलाशाकडे, म्हणजे जड माल बांधून उचलणाऱ्या कामगाराकडे, गेलं. सगळे त्यांना मामा म्हणतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 1948च्या कारखाने अधिनियमातलं कलम 29 उचलण्याच्या साहित्याबद्दल होतं. साखळी निर्दोष हवी, तिच्यावर ओळखक्रमांक आणि सुरक्षित भार स्पष्ट लिहिलेला हवा, सक्षम व्यक्तीने बारा महिन्यांतून निदान एकदा ती कसून तपासावी आणि त्याची नोंद वहीत राहावी. त्या कायद्याची जागा घेणारी संहिता 2020 साली संसदेने मंजूर केली आणि 2025 साली ती लागू झाली. ब्रिटनमध्ये 1998च्या नियमांनी अशा साखळ्यांसाठी साधारणपणे सहा महिन्यांची मुदत घातली आहे. वितळलेल्या लोखंडाचं भांडं, म्हणजे लॅडल, रोज उचलणाऱ्या फौंड्रीत वर्षाची मुदत मला तरी फार सैल वाटते.

मामा वर्षाची वाट बघत नाहीत. आधी रॉकेलचा बोळा फिरवून वंगण पुसतात. "वंगणाखाली चीर झाकती, साहेब." मग साखळी सैल सोडून एकेक कडी वळवतात. झीज असते ती कडीत कडी अडकते त्या आतल्या वाकात. साखळी ताणलेली असली की ती दिसतच नाही. तिथे व्हर्नियर लावायचा. 10 मिमीची कडी 9 मिमीच्या खाली गेली की साखळी बाद. मग लांबी. पाच कड्यांचा 150 मिमीचा पल्ला 157.5च्या पुढे गेला, तरी बाद. साखळी ताणली गेली याचा अर्थ कधीतरी तिच्यावर नको तेवढा भार पडला, आणि कोणी तो सांगितला नाही. मामा व्हर्नियर लावण्याआधीच नखाने चीर हुडकतात. मी दोनदा नख फिरवूनही मला काही कळलं नाही.

त्यांची खरी चिडचिड साखळीला अडकवलेल्या, क्रमांक आणि भार लिहिलेल्या टॅगवर आहे. टॅग म्हणजे साखळीची जन्मपत्रिका, आणि उष्णतेने, आपटण्याने तोच आधी गळून पडतो. 10 मिमीची, ग्रेड 80ची दुपदरी साखळी, पदर उभ्या रेषेपासून 45 अंशांपर्यंत फाकले असतील तर 4.25 टन उचलते. 60 अंशांपर्यंत फाकले तर 3.15 टनच. टॅग गेला की हा हिशेब कुणाच्या तरी अंदाजावर येतो.

उष्णतेचा घोळ वेगळाच. जुन्या घडीव लोखंडाच्या साखळ्या वापरून वापरून ठिसूळ होत, म्हणून नियमांनीच त्या ठरावीक मुदतीने तापवून हळूहळू निववायला सांगितलं होतं. वितळलेल्या धातूपाशी वापरायच्या असतील तर दर सहा महिन्यांनी. आजच्या मिश्रपोलादाच्या साखळीला तोच उपाय घातक आहे. ग्रेड 80ची साखळी 300 अंशांपुढे गेली की तिने पाऊण भारच उचलावा आणि 400 अंशांपुढे ती वापरूच नये. तरीही तुटलेली कडी गल्लीतल्या वेल्डरकडून सांधून आणणारे आहेत. सांधा ग्राइंडरने गुळगुळीत केला की तो ओळखूही येत नाही. पदर आखूड करायला गाठ मारणारे, कडीत बोल्ट घालणारेही आहेत.

छोट्या कारखानदाराची अडचण खोटी नाही. सक्षम व्यक्तीची फी, त्या दिवशी थांबणारं काम आणि बाद झालेल्या साखळीच्या जागी नवी घेण्याचा खर्च, हे सगळं एकदमच येतं. म्हणून कुठे कुठे प्रमाणपत्र कागदावरच उरकतं. साखळी खुंटीवरून खालीसुद्धा उतरत नाही. नोंदवहीत क्रमांक असतो, पण तो नेमका कोणत्या साखळीचा, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही.

बाद साखळीचं तर विचारू नका. भंगारवाला ती नेतो, जुन्या बाजारात तेल लावून मांडतो, आणि निम्म्या किमतीत ती दुसऱ्या कारखान्यात पोचते. मामांच्या फौंड्रीत यावर साधा नियम आहे: बाद ठरलेल्या साखळीची प्रत्येक कडी गॅस कटरने कापूनच भंगारात टाकायची. कारखानदारांनो, एवढं तरी आजपासून करा; त्याला फार खर्च नाही.