ज्ञानकोशांतील भांडणें

ज्ञानकोश म्हटला कीं आपल्यांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर उभे राहतात. तेवीस खंडांचें तें अवाढव्य काम. त्याला एक संपादक होता, त्याच्या हाताखालीं एक मंडळ होतें, आणि एखाद्या वाक्याविषयीं मतभेद झालाच तर शेवटचा शब्द कोणाचा हें आधींच ठरलेलें होतें. ज्या कोशाविषयीं आज मी बोलणार आहें त्याला असा संपादकच नाहीं. त्याचें नांव विकिपीडिया. १५ जानेवारी २००१ रोजीं जिमी वेल्स व लॅरी सँगर या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो सुरू केला, आणि आज त्याच्या एकट्या इंग्रजी आवृत्तींतील लेख सत्तर लाखांच्या घरांत आहेत. हें लेखन ज्यांनीं केलें त्यांतील बहुतेकांना एक पैही मिळालेली नाहीं. पुष्कळांचीं खरीं नांवेंही कोणास ठाऊक नाहींत. एक पान, त्यावर शंभर हात, आणि मुख्य संपादक कोणीच नाहीं, अशी ही व्यवस्था आहे. तेव्हां भांडणें होणारच. तीं कशीं होतात, कशीं मिटतात, आणि न झालीं तर काय होतें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. ह्या कोशाच्या आधीं त्याच गृहस्थांनीं न्यूपीडिया नांवाचा दुसरा एक कोश काढला होता. त्यांतील लेख जाणत्यांनीं लिहावयाचा आणि सात पायऱ्यांची तपासणी उतरल्यावरच तो प्रसिद्ध व्हावयाचा, असा दंडक होता. योजनेंत नांव ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. फक्त वर्षभरांत जेमतेम वीसएक लेख तयार झाले! तेव्हां कच्चे खर्डे लिहिण्यासाठीं म्हणून शेजारीं एक मोकळी वही ठेवण्यांत आली. 'विकी' हा शब्द हवाई बेटांवरील भाषेंतला असून त्याचा अर्थ 'लवकर' असा आहे. होनोलुलूच्या विमानतळावर उतारूंची ने-आण करणाऱ्या गाडीचें तें नांव होतें, आणि वाटेल त्यानें दुरुस्त करावीं अशा संगणकावरील पानांना तें १९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅम यांनीं दिलें. पुढें कच्च्या वहीनें पक्की वही गिळून टाकली, हें सांगावयास नकोच.

आतां ह्या वहीची खुबी पाहा. येथें कोणीही कांहींही खोडूं शकतो. पण खोडलेलें नाहींसें होत नाहीं. प्रत्येक लेखाची पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक प्रत जपून ठेवलेली असते, आणि जुनी प्रत परत आणण्यास क्षणाचाही अवकाश लागत नाहीं. यामुळें नासधूस करणाऱ्यापेक्षां ती निस्तरणाऱ्यास श्रम कमी पडतात. कोश टिकला तो मुख्यतः ह्याच एका सोयीवर. पण तीच सोय दोघां भल्या माणसांच्या हातीं पडली म्हणजे निराळाच प्रकार होतो. एकानें लिहावें, दुसऱ्यानें परतवावें, पहिल्यानें पुन्हां लिहावें, असें रात्रभर चालतें. ह्याला तेथें 'संपादनयुद्ध' म्हणतात. त्यावर २००४ सालीं इंग्रजी आवृत्तीनें नियम केला कीं एका लेखांत चोवीस तासांत तीनपेक्षां अधिक वेळां कोणीं दुसऱ्याचें लिखाण परतवूं नये. परतविल्यास त्याची लेखणी कांहीं काळ काढून घेतली जाते. कोणाचें बरोबर आहे, ह्या चौकशींत हा नियम पडत नाहीं. वर्गांत दोन मुलें एकमेकांस ढकलीत असलीं तर शिक्षक आधीं त्यांना दोन बांकांवर बसवितो आणि मग काय झालें तें विचारतो, त्यांतलाच हा प्रकार.

विचारपूस होते ती चर्चापानावर. प्रत्येक लेखाच्या पाठीशीं असें एक पान असतें. तेथें वाद घालतांना 'मला ठाऊक आहे' हें उत्तर चालत नाहीं. 'अमक्या प्रमाणभूत ग्रंथांत अमुक छापलें आहे' असेंच बोलावें लागतें. आपण डोळ्यांनीं पाहिलेली गोष्टसुद्धां दुसऱ्या कोणीं छापल्याशिवाय लेखांत घालतां येत नाहीं. पुष्कळ विद्वान माणसें ह्या एका अटीवर रागावून निघून गेलीं, आणि त्यांचा राग मला समजतो. पण जेथें लिहिणाऱ्याचें नांवगांव माहीत नाहीं तेथें त्याच्या शब्दावर विश्वास तरी कशाच्या जोरावर ठेवावा? दुसरें असें कीं, निकाल मतांच्या संख्येवर लावावयाचा नाहीं, सर्वांना निदान सोसेल अशा मजकुरावर एकमत घडवावयाचें, अशी तेथील रीत आहे. हें बोलण्यास सोपें आहे. 'योगर्ट' म्हणजे विलायती दही. ह्या इंग्रजी शब्दांत 'एच' हें अक्षर असावें कीं नसावें यावरून २००३ पासून वाद चालला तो डिसेंबर २०११ मध्यें मिटला. 'एच' गेलें. दही बिचारें दहीच राहिलें.

ह्या वादाला हंसणें सोपें आहे. परंतु बाल्टिक समुद्राच्या कांठीं एक बंदर आहे, त्याच्या नांवाच्या वादाला कोणी हंसूं शकणार नाहीं. पोलिश लोक त्याला ग्दान्स्क म्हणतात, जर्मन लोक डान्झिग. उष्णतामापकामुळें शाळेंतल्या मुलांस ठाऊक असलेला फॅरनहाइट १६८६ सालीं येथेंच जन्मला, आणि तत्त्ववेत्ता शोपेनहौअर १७८८ सालीं. १३०८ सालीं ट्यूटॉनिक सरदारांच्या संघानें हें शहर बळकाविलें. १४५४ त नागरिकांनीं त्या संघाविरुद्ध उठून पोलंडच्या राजाचा आश्रय केला, आणि पुढें तीनशेंहून अधिक वर्षें शहर पोलंडच्या छत्राखालीं राहिलें. मात्र त्याच्या पेठांतून आणि प्रार्थनामंदिरांतून भाषा चाले ती मुख्यतः जर्मन. १७९३ त तें प्रशियाकडे गेलें, १९२० त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालीं स्वतंत्र नगर झालें, १ सप्टेंबर १९३९ रोजीं दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तोफा तेथेंच धडाडल्या, आणि १९४५ नंतर जर्मन रहिवासी जाऊन तें सर्वस्वीं पोलिश झालें.

आतां फॅरनहाइट कोठें जन्मला असें लिहावयाचें? एकानें 'डान्झिग' लिहावें, तासाभरानें दुसऱ्यानें 'ग्दान्स्क' करावें. हा झगडा एका लेखापुरता नव्हता. ह्या शहराचा जेथें जेथें उल्लेख तेथें तेथें तो पोहोंचला. दोघांपैकीं एकही खोटें बोलत नव्हता. एकाला दुसऱ्या नांवांत जर्मन टांचांचा आवाज ऐकूं येई, तर दुसऱ्याला पहिल्या नांवांत आपल्या आजाचें हिरावलेलें घर दिसे. ग्रंथांचे आधार दोघांपाशींही होते. प्रमाण दाखवा, ही कसोटी येथें लंगडी पडली.

शेवटीं २००५ च्या आरंभीं इंग्रजी आवृत्तींत, नेहमींची रीत बाजूस ठेवून, चक्क मतदान घेण्यांत आलें. त्यांतील शहाणपण मला वाटतें प्रश्नाच्या मांडणींत होतें. 'ह्या शहराचें नांव काय?' असें विचारलेंच नाहीं. शहराच्या इतिहासाचे राज्यांतराप्रमाणें तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यासाठीं स्वतंत्र कौल मागितला. ठरलें तें असें: १३०८ पूर्वीं ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डान्झिग, १९४५ नंतर पुन्हां ग्दान्स्क, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळीं दुसरें नांव कंसांत द्यावयाचें. चरित्रांत मनुष्य निश्चितपणें जर्मन असेल तर जर्मन नांव आधीं, पोलिश असेल तर पोलिश आधीं. पोलिश माणसाला ह्यांतील मधला लांबलचक काळ बोंचल्याशिवाय राहणार नाहीं, कारण त्यांतील तीन शतकें त्याच्याच राजाचीं होतीं. तरीही तो कंस महत्त्वाचा. दुसऱ्याचें नांव आपल्या वाक्यांत वागवावयाचें, एवढें त्या कंसानें दोघांकडूनही कबूल करून घेतलें. बेळगांव कीं बेळगावी हा प्रश्न ज्यांच्या घरांतला आहे त्यांना ह्या कंसाची किंमत समजावून सांगावी लागणार नाहीं.

हें घडलें कां? पोलिश आणि जर्मन दोघेही इंग्रजी कोशांत लिहावयास आले म्हणून. एकाच पानावर त्यांची गांठ पडली, आणि पान सोडून जाण्यास दोघेही तयार नव्हते.

जेथें अशी गांठ पडत नाहीं तेथें काय होतें याचें उदाहरण क्रोएशियाचें. सर्ब, क्रोएट, बोस्नियन हे लोक एकमेकांची भाषा सहज समजतात. पण प्रत्येकाचा विकिपीडिया वेगळा आहे. क्रोएशियन आवृत्तीचा ताबा सुमारें दहा वर्षें प्रचालकांच्या एका लहानशा गटाकडे होता. चर्चापानावर शंका काढणाऱ्याची लेखणी बंद होई. हळूंहळूं भांडणारे गेले आणि शांतता झाली. त्या शांततेंत दुसऱ्या महायुद्धांतील उस्ताशी राजवटीचीं कृत्यें सौम्य होत गेलीं. यासेनोवात्स येथील संहारछावणी ही जणूं मजुरांची छावणी, असें वर्णन होऊं लागलें. २०१३ सालीं तेथील शिक्षणमंत्र्यांनीं विद्यार्थ्यांस हा कोश वापरूं नका असा उघड इशारा दिला. तरी गट हटण्यास आणखी सात वर्षें लागलीं, आणि २०२१ त विकिमीडिया फाउंडेशननें ह्या सर्व प्रकारावर अहवाल प्रसिद्ध केला. ह्या दहा वर्षांत जीं मुलें शाळेंत होतीं त्यांनीं काय वाचलें असेल, ह्याचा हिशेब कोणत्याही अहवालांत येत नाहीं.

आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, सुरू झाला. लेख लाखाच्या आसपास आहेत. मराठी भाषा बोलणारे २०११ च्या शिरगणतीप्रमाणें आठ कोटींहून अधिक. पण ह्या कोशांत महिन्याकांठीं लिहिणारे शेंकड्यांतच मोजावे लागतात, आणि नेमानें लिहिणारे त्याहून पुष्कळ थोडे. त्यांच्या चिकाटीविषयीं मला आदरच आहे. काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. सीमाप्रश्न, इतिहासांतील थोर पुरुष, जातीजातींचे वाद, ह्यांवरील मराठी लेख मराठी माणूसच लिहितो आणि मराठी माणूसच तपासतो. कानडी माणूस येथें येत नाहीं, आणि कानडी आवृत्तींत आपण जात नाहीं. दोन्हीकडे सामसूम. ग्दान्स्कच्या पानावर जी गांठ पडली ती आपल्याकडे पडली तर पडते इंग्रजींत. आणि तेथें बोलावयास ज्याला इंग्रजी सफाईनें येतें व ज्याच्यापाशीं रात्रीं मोकळ्या आहेत तोच उरतो. चर्चापानावर चिकाटीला फार किंमत आहे, आणि चिकाटी व जाणकारी एकाच माणसांत सांपडतील असा नेम नाहीं.

घरोघरीं हा कोश वाचला जातो, पण त्याचें चर्चापान उघडणारे थोडे. लेखाच्या माथ्यावर 'चर्चा' आणि 'इतिहास' असे दोन शब्द असतात. पहिल्यावर बोट ठेवलें म्हणजे मागील वाद दिसतात. दुसऱ्यावर ठेवलें म्हणजे कोणतें वाक्य कोणीं कोणत्या दिवशीं घातलें व कोणीं काढलें हें ओळीनें दिसतें. २००५ सालच्या त्या मतदानाचें पानही अद्याप तसेंच ठेवलेलें आहे. कोणत्या काळासाठीं कोणीं कोणता कौल दिला आणि त्यासोबत काय कारण लिहिलें, तें आजही तेथें वाचावयास मिळतें.