घर कोणाच्या नावावर?



मागे एका गटाच्या बैठकीला एक ताई कपड्यांची पिशवी घेऊनच आल्या. नवरा वारून चार महिने झाले होते. दीर म्हणाला, "घर आमचं आहे, तू माहेरी जा." त्याच घराचं जोतं भरायला या ताईंनी डोक्यावरून दगड वाहिले होते.

बेघर म्हटलं की आपल्याला शहरातला फूटपाथ आठवतो. पण गावात एका वाक्यानं बाई बेघर होते. म्हणून आज दोन गोष्टी सांगते. आहे ते छप्पर टिकवायचं कसं आणि नसेल तर मिळवायचं कसं.

पहिलं काम म्हणजे ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढा. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावावं, असा शासन निर्णय आपल्या राज्यात २००३ सालीच झाला आहे. तुमचं नाव नसेल तर दोघांनी मिळून ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि पोच घ्या. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. पण उद्या वाद झाला तर हातात लेखी कागद असतो.

नाव नाही म्हणून घाबरूनही जाऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार, बाई ज्या घरात नांदली तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. कोणी बाहेर काढत असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. कोर्ट निवासाचा आदेश देऊ शकतं.

आता ज्यांना घरच नाही त्यांच्याविषयी. २०१६ पासून इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. त्यात सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. पैसे बांधकाम पुढे जाईल तसे हप्त्यानं खात्यात येतात. शिवाय रोजगार हमीची मजुरी असते, आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्याच्याही योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत.

खरी अडचण जागेची असते. जागाच नाही म्हणून कितीतरी जणींचं मंजूर घरकुल अडून राहतं. अशांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत मिळते. पंचायत समितीत विचारा.

घरकुलाच्या यादीला ग्रामसभेची मान्यता लागते. तिच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. विधवा, टाकलेल्या, पालात राहणाऱ्या बाया यादीत आहेत का, हे तिथंच मोठ्यानं विचारा. त्यांच्या बाजूनं बोलायला सहसा कोणी नसतं.

त्या ताईंबरोबर आमचा अख्खा गट संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेला होता. आज त्या त्याच घरात, मागच्या खोलीत राहतात. वाद मिटलेला नाही, पण कुलपाची किल्ली त्यांच्याकडे आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं बचतीच्या पुस्तकाबरोबर नमुना ८ चा उतारा आणायचा. आपापलं नाव आपण एकत्र बसून शोधू.