टस्केगीच्या कचेरीतील कात्रणे

विद्यापीठाची प्रसिद्धी कचेरी म्हटली की पाहुण्यांचे फोटो, पदवीदान समारंभ आणि कुलगुरूंची भाषणे आठवतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या टस्केगी या काळ्या बांधवांच्या संस्थेत मात्र या कामाला निराळेच वळण लागले.

गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली ही संस्था काढली. संस्था देणग्यांवर चालायची आणि देणग्या मिळवायच्या तर वर्तमानपत्रांत नाव हवे. म्हणून १८९७ साली एमेट स्कॉट हे पत्रकार वॉशिंग्टन यांचे चिटणीस झाले. पुढे १९०५ पासून रॉबर्ट पार्क या गोऱ्या पत्रकाराने प्रसिद्धीचे काम पाहिले. गोऱ्या देणगीदारांना दुखवायचे नाही, हे या प्रसिद्धीचे धोरण. ड्यू बॉइस यांनी वॉशिंग्टन यांच्या या मवाळपणावर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती असे मला वाटते.

१९०८ साली तेथे मनरो वर्क आले. आईबाप गुलामीतून सुटलेले, स्वतः शिकागो विद्यापीठाचे एम. ए. त्यांनी नोंदी व संशोधन विभाग उभारला. काळ्या माणसांना झुंडीने ठार मारण्याच्या, म्हणजे लिंचिंगच्या बातम्या कापायच्या, पडताळायच्या, वर्षवार लावायच्या आणि त्यांचा तक्ता वर्तमानपत्रांना पाठवायचा! कोणत्या राज्यात, कोणाला, कोणत्या आरोपावरून मारले, एवढेच त्यात असे. शिवी नाही की आक्रोश नाही. त्यामुळे दक्षिणेतील गोऱ्यांची पत्रेसुद्धा तो छापत. फायली सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला या माणसाचा फार अभिमान वाटतो.

आमच्या बायकांच्या अब्रूसाठी आम्ही हे करतो, असे मारणारे सांगत. टस्केगीच्या १८८२ ते १९६८ च्या आकड्यांत ४,७४३ बळी आहेत, पैकी ३,४४६ काळे. त्यांतील बलात्काराचा किंवा तशा प्रयत्नाचा नुसता आरोप असलेले जेमतेम चौथा हिस्सा!

त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापली नाही. आपली बातमी दुसऱ्याच्या छापखान्यात अडते, हे दोन्हीकडे सारखेच.

१९५२ साली एकही लिंचिंग झाले नाही, असे टस्केगीने जाहीर केले. पण १९५१ च्या नाताळच्या रात्री फ्लोरिडात हॅरी मूर या कार्यकर्त्याच्या घरात बाँब फुटून ते मारले गेले होते. झुंड नव्हती, म्हणून तो खून तक्त्यात बसेना. द्वेषाने नवी रीत शोधली की जुना रकाना अपुरा पडतो. त्यानंतर वार्षिक अहवाल थांबला, तरी १९५५ साली पुन्हा तीन नावे नोंदवावी लागली.

वर्क १९३८ साली निवृत्त झाले आणि १९४५ साली वारले. त्यांच्या विभागाने जमवलेली कात्रणे पुढे मायक्रोफिल्मवर उतरवली गेली. आज अभ्यासक त्यांत गावांची नावे शोधतात.