पासबुकातले पासबुकात

पेणच्या शाखेत मी अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. हमरापूरकडच्या एका गणपती कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारी एक बाई दरमहा थोडे पैसे रिकरिंगमध्ये टाकत असे. नवऱ्याला पत्ता नव्हता. एक दिवस तोच काउंटरशी आला. ओळखीचा माणूस. "साहेब, हिच्या नावावर काही आहे काय?" मी म्हटले, "भाऊ, ते त्यांनाच विचारा." पुढे कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

यात माझा काही मोठेपणा नव्हता. नोकरीत रुजू होतानाच गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यातच तशी तरतूद आहे. खातेदाराचे आम्हाला सारे ठाऊक असे. गणपतीआधी कारखानदाराचे खाते कोरडे पडते, विक्री झाली की भरते. त्या माहितीवरून कर्जाचा आणि हप्त्यांचा विचार करायचा, बाकी तोंडाला कुलूप.

गेल्या वर्षी रोह्याला आतेबहिणीकडे गेलो होतो. यजमानांच्या पश्चात ताईने एक ठेव जपली होती. मुलाला सांगितले नव्हते. ताईचा मोबाइल नातवाच्या हातात होता. बँकेचा संदेश आला आणि त्याने तो मोठ्याने वाचला: तुमच्या ठेवीची मुदत संपत आहे, ही रक्कम आमच्या विमा योजनेत गुंतवा. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, एवढे पैसे होते तर मला धंद्याला का नाही दिलेस?" ताई गप्प बसली.

बँकेतल्या कोणा माणसाने तोंड उघडले नव्हते. चहाडी केली ती जाहिरातीने.

आता खातेवही संगणक वाचतो. पगार कधी जमा होतो, औषधांच्या दुकानात किती जातात, ठेव कधी संपते, हे पाहून तो खातेदारांचे गट पाडतो आणि ज्याला जे खपेल ते त्याच्यापुढे ठेवतो. वेळेवर समोर आलेले कर्ज एखाद्या कारखान्याला तारतेही, हे मी नाकारत नाही. पण व्यवहारासाठी दिलेली माहिती विक्रीसाठी वापरायची, तर आधी विचारायला नको?

ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. तिच्यातल्या पाच हक्कांत खासगीपणाचा हक्क आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. आपण मात्र फॉर्मच्या तळाची बारीक अक्षरे न वाचता 'मान्य' म्हणून मोकळे होतो. शाखेत जाल तेव्हा विचारा, मी कशाकशाला संमती दिली आहे? जाहिराती नको असतील तर तसे लेखी द्या आणि पोच घ्या.

ताईने तसा दोन ओळींचा अर्ज दिला. संदेश थांबले. ठेव मात्र तोवर मुलाच्या धंद्यात गेली होती.