प्रभागाची रेषा आणि आपला नळ

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे माग खडखडत असतात, आणि भोवतालच्या वसाहतींत गृहिणीचे कान असतात नळाकडे. पाणी आले नाही, गटार तुंबले, तर जाब विचारायचा कुणाला? हे ठरते प्रभागाच्या रेषेवर!

सोलापूरची महापालिका १९६४ सालची. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, शेळगी, मजरेवाडी अशी गावे शहरात आली. ग्रामपंचायतीत गाऱ्हाणे सांगणाऱ्या बायकांना महापालिकेच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २०२५ मध्ये प्रभागांचे प्रारूप नकाशे लागले, हरकती-सूचना मागवल्या गेल्या. पण ‘ते पुरुषांचे काम’ म्हणून आपण नकाशाकडे वळूनही पाहत नाही. मग गल्लीचे दोन तुकडे झाले की हळहळतो!

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एवढे करा. नकाशात आपली गल्ली शोधा. रेषा शक्यतो मोठे रस्ते, नाले, रेल्वेमार्ग यांवरून जावी आणि वस्ती फुटू नये, असा संकेत आहे. तसे नसेल तर साध्या कागदावर नाव, पत्ता, हरकत आणि कारण लिहून मुदतीत द्या. पोच घ्यायला विसरू नका. सुनावणीला शेजारणीलाही सोबत न्या.

१५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत १०२ पैकी ५१ जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. पण खुर्चीवर बाई बसली तरी आपण बोलल्याशिवाय तिला आपली अडचण कळणार कशी?