गॅलरी किती पुढे न्यावी?

चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्याच्या दारावर पत्र्याचे छत खांबाशिवाय पुढे आलेले दिसते. ते किती पुढे न्यायचे, हे अभियंता गणिताने ठरवतो. कामगार पाळी संपवून सोलापुरातल्या जुन्या घरी परततो, तिथली लाकडी गॅलरीही अशीच अधांतरी असते. तिची लांबी मात्र सुताराने अनुभवाने ठरवलेली असते, आणि पुढच्या पिढ्या तिच्यावर भार वाढवत जातात.

कडीपाटाच्या घरात मजल्याच्या कड्याच भिंतीबाहेर काढून त्यांवर फळ्या ठोकतात. बाहेरचे टोक खाली जाऊ पाहते, आतला भाग त्याला दाबून धरतो. म्हणून ढोबळ नियम असा, की कडी बाहेर १ फूट असेल, तर आत किमान २ फूट हवी.

खरी मेख लांबीत आहे. ३ फुटांची गॅलरी ४ फूट केली, तर दर फुटाचा भार तोच राहूनही भिंतीजवळचा ताण पावणेदोन पट होतो आणि टोक तिपटीहून अधिक झुकते. कडेला ५०० लिटरची टाकी ठेवली, तर नुसते पाणीच ५०० किलो, म्हणजे सात-आठ माणसांचे वजन होते. तेही रात्रंदिवस.

अधांतरी कडीची वरची बाजू ताणली जाते. त्यामुळे नळासाठी वरून पाडलेली खाच घातक ठरते. कडीची जाडी निम्मी उरली, तर ताकद पावच उरते.

कडी भिंतीत शिरते तिथे ताण सर्वाधिक असतो. पाणी मुरते आणि वाळवी लागते तीही तिथेच. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी कुजलेल्या कड्यांची बाल्कनी कोसळून ६ तरुण दगावले, ७ जखमी झाले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. म्हणजे घराच्या वयापेक्षा ओल अधिक धोक्याची.

जानेवारीत नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला गॅलरीच्या कठड्याशी गर्दी होते. त्याआधीच पाहून घ्यावे: टोक झुकले आहे का, चालताना गॅलरी हलते का, भिंतीपाशी फट पडली आहे का, लाकडात स्क्रू ड्रायव्हर सहज रुततो का? यातले एक जरी आढळले, तरी गॅलरीचा वापर आणि तिच्याखालची ये-जा थांबवून स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे. रंगाच्या नव्या हाताने कुजलेली कडी झाकली जाते, सावरली जात नाही.