तिरुवैयारुचा पानमळा आणि आपली पावसाळी भाजी

उकाडा आणि पाऊस एकत्र आले की भाजी लावणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो. ‘रोज पाऊस पडतोय, माती ओली आहे, तरी रोप मान का टाकतंय?’ आणि बरेच जण त्या रोपाला आणखी पाणी घालतात! याचं उत्तर शोधायला आज आपण तंजावरजवळ, कावेरीकाठच्या तिरुवैयारुला जाऊ. त्यागराजांचं गाव म्हणून ते आपल्याला माहीत असतं. तंजावरच्या मराठा राजांचा नदीकाठचा वाडाही तिथे आहे. गावाच्या नावाचा अर्थच पाच पवित्र नद्या. इतक्या पाण्यात भाजी जगवायची कशी, हे तिथल्यांना कळणारच.

आधी तिथलं ऋतुमान समजून घ्या, कारण ते आपल्यापेक्षा वेगळं आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं तापमान पस्तिशीच्या आसपास असतं, पश्चिमेचा वारा सुटलेला असतो आणि मधूनच संध्याकाळी गडगडाटी सर येते. नदीला मात्र पाणी असतं, ते कोडगूकडच्या पावसाचं, मेट्टूर धरणातून सोडलेलं. जुलैच्या मध्याला तमिळ ‘आडि’ महिना लागतो आणि तिथली म्हण सांगते, आडिचा हंगाम शोधून पेरा. यामागे साधा हिशेब आहे. आडित पेरलेल्या वांग्या-भेंडीला मोठ्या पावसाआधी दोन-अडीच महिने मिळतात, मुळं खोल जातात. उशीर केला तर ऑक्टोबरचा पाऊस कोवळ्या रोपांवर येतो. बी गेलं, मजुरी गेली आणि ऐन महागाईत भाजी विकत घ्यायची वेळ आली, असं होतं.

आता मान टाकण्याचं कारण. मुळांनाही श्वास लागतो. आपल्याकडे यासाठी फार सुंदर शब्द आहे, वाफसा. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा, दोन्ही असणं म्हणजे वाफसा. पाणी साचलं की हवा बाहेर पडते. त्यात उकाडा असेल तर दुहेरी मार बसतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आणि उष्णतेत मुळांना प्राणवायू लागतो जास्त. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून भरल्या पाण्यात रोप तहानेनं सुकतं. भाताचं काही बिघडत नाही, कारण त्याच्या खोडा-मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात. वांग्या-टोमॅटोला ती सोय नाही.

म्हणून त्या भागात भाताच्या खाचरांकडे न बघता पानमळ्याकडे बघायचं. विड्याच्या वेलाला ओलावा सतत हवा, पण साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. त्यावर तोड म्हणजे उंच वाफा आणि दोन वाफ्यांमध्ये चर. जास्तीचं पाणी चरातून निघून जातं. वेलाला आधार असतो तो जिवंत झाडाचा, ‘अगत्ती’चा. अगत्ती म्हणजे आपला हादगा! आपल्याकडच्या पानमळ्यातही तो दिसतो. विरळ सावली देतो, शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवाटे जमिनीला नत्र देतो, आणि पानं स्वयंपाकघरात जातात. तिकडे एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना अगत्तीच्या पानांची भाजी करण्याची रीत आहे. आपण फुलांची करतो, एवढाच फरक.

हीच रचना आपल्या परसात आणा. वाफा एक मीटर रुंद आणि किमान एक फूट उंच ठेवा, कोकणात असाल तर त्याहून उंच. चराला उतार हवाच, नाहीतर ते डबकं होतं. चराच्या सखल टोकाला अळू किंवा नाळीची भाजी लावा, त्यांना ओल आवडते. वाफ्यावर केळीची वाळलेली पानं पसरा. पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल पानांवर उडतो आणि त्याबरोबर बुरशीही चढते, ते यामुळे थांबतं. पण हे आच्छादन खोडापासून चार बोटं दूर ठेवा.

काय लावायचं? भेंडी, वांगी, चवळी, गवार, माठ, मायाळू. वेलींमध्ये एक गंमत आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. दोडका आणि दुधी यांची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे नेमकी सरीच्या वेळेला! परागकण भिजले की फुटतात आणि फळ धरत नाही. वेलावर फुलंच फुलं, पण दोडका एकही नाही, असं झालं तर खताला दोष देऊ नका. सर ओसरल्यावर कोरडं नरफूल तोडून मादीफुलाला हलकेच घासा. कारल्याचं फूल पहाटे उमलतं, त्यामुळे ते बरंचसं वाचतं.

टोमॅटोबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. रात्रीही उकडत असेल तर उघड्यावर त्याचा हट्ट धरू नका. त्याचे पराग उष्णतेत निकामी होतात, आणि ओल्या गरम मातीतला जिवाणूजन्य मर रोग उभं झाड दोन-चार दिवसांत संपवतो. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने यावर वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम बांधायची पद्धत पुढे आणली. वांग्याची मुळं पाणी आणि मर रोग जास्त सोसतात. जवळच्या रोपवाटिकेत अशी कलमं मिळाली तर चार लावून बघा, फक्त जोड मातीच्या वर राहू द्या. तो मातीत गेला की टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाचा फायदा जातो.

शेवटी खत. सरींबरोबर नत्र वाहून जातं, खालची पानं आधी पिवळी पडतात. एकदम ओंजळभर टाकण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी मूठभर शेणखत किंवा थोडी पेंड द्या, आणि तीही वाफसा आल्यावर. माती मुठीत दाबून बघा. गोळा होऊन बोटाच्या धक्क्यानं फुटला तर वाफसा आला. हाताला चिखल लागला तर खुरपं बाजूला ठेवा आणि आधी चर मोकळा करा.